भर उन्हाळ्यात ऊब

चंद्रपुरात मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि इस्पितळात शाल्मलीच्या आजोबांना गरम हवेचं पांघरूण घालत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. थोड्याच वेळात शस्त्रक्रिया होणार होती.

"त्यांना उकडेल ना?" पाचवीतल्या शाल्मलीने विचारलं.

"आधीच ऊब साठवून ठेवतोय," इस्पितळातला यंत्रमानव कुशल म्हणाला. नातेवाइकांसोबत बाहेर थांबायचं आणि आतली खबर सांगायची, हे त्याचं काम.

आजोबांना आत नेलं. शाल्मली आणि तिची आई कुशलजवळ बाहेर बसल्या. बराच वेळ गेला. मग कुशल म्हणाला, "हाडाचे तुकडे जास्त निघाले, त्यामुळे वेळ लागतोय. आजोबांचं तापमान छत्तीस अंशांखाली गेलंय."

आईचा चेहरा उतरला. शाल्मलीने तिचा हात धरला. "ताप नाही, हे चांगलंच ना?"

"नाही. थंडी वाजली की तू कुडकुडतेस, त्यातून ऊब तयार होते. हा हुकूम देतो मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, अधश्चेतक. भूल दिल्यावर तोही सुस्तावतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोटाछातीतली ऊब हातापायांकडे जाऊन बाहेर निसटते. त्यात शस्त्रक्रियेची खोली गार असते."

"मग काय होतं?"

"थंड रक्त लवकर गोठत नाही, म्हणून जास्त वाहतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखम चिघळू शकते. हृदयावरही ताण येतो."

"डॉक्टर काय करतायत?"

"शिरेतून जाणारं सलाईन कोमट करून देतायत. पांघरुणातली हवा आणखी तापवलीय. खोलीही गरम केलीय."

शाल्मली कुशलकडे टक लावून बघत राहिली.

"चढतंय," अखेर तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "छत्तीसच्या वर गेलं. रक्तस्राव आटोक्यात आहे. आता टाके घालतायत."

आई मटकन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

संध्याकाळी आजोबांना जाग आली. ते कुडकुडत नव्हते. शाल्मलीने हळूच त्यांच्या तळपायाला हात लावला. पाय ऊबदार होता.

"काय बघतेस गं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तुमचा अधश्चेतक जागा झालाय का ते."

आजोबांना हसू आलं. कुशल म्हणाला, "डॉक्टर आता एक नवं कापड तयार करतायत. अंगाचा जो भाग गार पडेल, तेवढाच ते आपणहून तापवेल."

"ते झोपेत सरकलं तर?" शाल्मलीने विचारलं.

"हा प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत पोचवतो," कुशल म्हणाला.