शुद्धीतली साक्ष

ते दार लोटून घ्या रे. आणि ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या. माझ्या ओळखीच्या हवालदाराची गोष्ट आहे. माणूस अजून हयात आहे.

गेल्या थंडीत, मंगळवारी रात्री, पिऊन गाडी हाकणाऱ्यांना धरायला त्याला कालव्याच्या पुलापाशी उभं केलं. हातात फुंकायचं मशीन. हिरवा दिवा लागला तर जा. लाल लागला तर उतर आणि पांढऱ्या पट्टीवरून चालून दाखव. हा स्वतः मात्र आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेला नाही. जोडीचा शिपाई चहा आणायला गेला आणि हा एकटा उरला.

ती जागा त्याला नकोशी होती. सहा महिन्यांपूर्वी इथेच त्याने सख्ख्या थोरल्या भावाला अडवलं होतं. दादा तर्र! पट्टीवर चार पावलं धड पडेनात. शेजारी बसलेली वहिनी काकुळतीला आली. "भावोजी, गाडी ठेवून घ्या. आम्ही चालत जातो."

पण याला भावाचा पुळका. "घर जवळच आहे, वहिनी. हळू जा," म्हणाला आणि सोडलं. पुढच्याच वळणावर गाडी कालव्यात गेली. दादा पोहून बाहेर आला. वहिनी आली नाही.

दादाने बिनदिक्कत सांगितलं, गाडी तीच चालवत होती. आणि हवालदार म्हणाला, हो, मी पाहिलं. ज्या बाईने आईमागे त्याला लेकरासारखं वाढवलं, तिच्याच माथी त्याने दोष मारला. केसाने गळा कापला की रे तिचा! तिची पोरगी आजही आईलाच बोल लावते.

तर त्या रात्री, अडीचच्या सुमारास, एक गाडी आली. दिवे बंद. आवाज नाही.

थांबली.

त्याने सवयीने मशीन पुढे केलं. काच खाली आली.

स्टिअरिंगवर... वहिनी.

केसांतून पाणी गळत होतं.

"फुंकते हं, भावोजी."

हिरवा.

"नीट बघितलंत?"

त्याने पुन्हा दिव्याकडे पाहिलं.

"खोटं तुम्ही शुद्धीत बोललात," ती म्हणाली. "आता खरं बोलून बघा."

...

समोर रस्ता. मोकळा.

उजाडताच तो साहेबांकडे गेला आणि सगळं ओकला. साहेबांनी नाक मुरडलं, मशीन पुढे केलं. लाल. दुसरं आणलं. तेही लाल. "घरी जा, झोप काढ," म्हणाले.

तो तसाच पुतणीच्या दारात गेला. "बाळा, तुझी आई गाडी चालवत नव्हती गं. मी खोटं बोललो."

पोरगी ओढणी नाकाला लावून मागे सरली. "काका, आधी उतरू दे तुमची. मग बोला."

दार बंद झालं.

एरवी तो दिवसभर काहीही बोलो, तोंडाला कसलाही वास नसतो. एवढं एक खरं बोलला, की दारूचा भपकारा येतो.