कॅमेरा काही ठरेना

ती दातांची डॉक्टर. कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरली ती दवाखान्यातल्या घड्याळाचा सेल घ्यायला. काउंटरवर एक कॅमेरा ठेवलेला होता. तिने सहज उचलून डोळ्याला लावला, तर काउंटरपलीकडच्या तरुणाचा आवाज आला, "झाकण काढलंत तर आणखी छान दिसेल!"

ती खळखळून हसली. तोही हसला. सेल राहिला बाजूला... आणि तिचे शनिवार सुरू झाले.

दिवसभर लोकांचे जबडे बघणाऱ्या माणसाला एखादा छंद नको का? हवाच! पण कॅमेरा घेणं म्हणजे नुसता कॅमेरा घेणं नव्हे, हे त्याने तिला समजावलं. "एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. एकदा एक घर धरलं की पुढचं सगळं त्याच घरातून. तेव्हा घाई नको."

दुकानाची रीत अशी, की गिऱ्हाइकाने आपलं मेमरी कार्ड आणायचं, नमुन्याच्या तीन कॅमेऱ्यांत घालून फोटो काढायचे आणि घरी जाऊन निवांत बघायचे. ती दर शनिवारी एक कॅमेरा ठरवून यायची, आणि तो दर शनिवारी खोट काढायचा. हा जड आहे. त्याच्या लेन्स महाग. याची मूठ तुमच्या हाताला मोठी... असं म्हणताना तो तिच्या बोटांकडे जरा जास्तच वेळ बघायचा.

"घर घेताना तुझ्या बाबांनी एवढा विचार केला नव्हता," आई म्हणाली. आता आईला काय सांगणार? कॅमेरा घेतला की दुकानात जायचं निमित्तच संपणार होतं!

सहाव्या शनिवारी दुकानाचे मालक, म्हणजे त्याचे काका, गल्ल्यावरून म्हणाले, "ताई, आज काय ते ठरवा. नमुने सोमवारी कंपन्यांकडे परत जाणार."

त्याचा चेहरा पडला. "कार्ड द्या," तो म्हणाला. "मोठ्या पडद्यावर बघू आणि... ठरवून टाकू."

गडबडीत तिने कार्ड दिलं आणि मग जीभ चावली. पण कार्ड आत गेलं होतं!

त्याची सवय अशी, की फोटो उघडला की आधी खूप मोठा करून बारकावे बघायचे. "हा बघा, कानाच्या पाळीवर फोकस अचूक. इथे त्वचेचा रंग जरा पिवळट. मागचं शेल्फ मस्त धूसर झालंय... फक्त हा मधला माणूस फार हलतो बुवा."

"हो ना," ती पुटपुटली. तिचे कान तापले होते.

काका चष्मा लावत मागे येऊन उभे राहिले. "अरे गाढवा, तो माणूस तू आहेस!"

त्याने सगळे फोटो एकदम पडद्यावर आणले. चाळीसच्या चाळीस फोटोंत तोच! लेन्स पुसताना, हसताना, जांभई देतानासुद्धा.

"मी... शेल्फचे काढत होते," ती म्हणाली. "तुम्हीच मध्ये येत होतात."

"चाळीस वेळा?"

"दुकान लहान आहे!"

"आणि हा दुसरा शहाणा!" काका म्हणाले. "ताई, तिन्ही कॅमेरे चांगले आहेत. पाच वेळा तुम्ही घ्यायला आलात, पाच वेळा यानेच मोडता घातला. मी काय आंधळा आहे?" आणि कुरिअरवाल्याला फोन करायच्या निमित्ताने ते बाहेर निघून गेले.

"खरं?" तिने हळूच विचारलं.

"कॅमेरा घेतला असतात, तर परत कशाला आला असतात?" तो मान खाली घालून म्हणाला. "मला शनिवारची सवय लागलीय... शनिवारची नाही. तुमची."

तिचा चेहरा खुलला. मग तिने विचारलं, "तुमचा स्वतःचा कॅमेरा यांतल्या कुठल्या कंपनीचा?"

"मधल्या. पण त्याची बॅटरी लवकर उतरते, आणि—"

"पुरे! आता खोट काढलीत तर बघा. तोच द्या. लेन्स मी तुमच्याच वापरीन."

"माझ्या लेन्स मी कुणाला नेऊ देत नाही," तो आता हसत होता. "तुम्हाला दर वेळी माझ्याबरोबरच यावं लागेल."

"मग उद्या सकाळी सात वाजता, तळ्यापाशी. आणि ते 'तुम्ही' पुरे झालं."

"येशील ना... नक्की?"

"येईन," ती म्हणाली. "कॅमेरा विसरले तरी येईन."