एकाच नावाची दोन वजनं

मिस्बाहचा कम्पायलर नापास होण्यात देवानंदचा सरळ फायदा होता: अकोल्याच्या दालमिलमधली नोकरी टिकणार होती. प्रेम या हिशेबात कुठंच नव्हतं. ते सोमवारी अमरावतीच्या एसटीनं, झडीत भिजलेली ओढणी पिळत आलं.

मिलच्या धर्मकाट्यावर ट्रक तोलायचा प्रोग्रॅम होता. त्यातला वजनाचा ऑब्जेक्ट, म्हणजे वजन सांगणारा कोडचा तुकडा, देवानंदनं लिहिलेला; कोड यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम कम्पायलरचं. त्या ऑब्जेक्टला भाषेचं सोयरसुतक नाही. लिहा एका भाषेत, हाक मारा दुसरीतून. फक्त हाक नावानं लागत नाही, आतल्या फंक्शनांच्या यादीतल्या क्रमानं लागते. मालक खुशालरावांनी सांगून टाकलं होतं, "त्याचा महागाचा कम्पायलर का हिचा फुकटाचा, शनिवारपर्यंत ठरवा. ज्याचा राहीन, तोच माणूस राहीन."

मंगळवारी मिस्बाहनं निव्वळ तुरीचं वजन मागितलं. पडद्यावर आलं ट्रकसकट.

"अकोल्याची तूर लय खाऊनपिऊन दिसते," ती म्हणाली.

"तूर नाही, तुमचा कम्पायलर भोळा हाये."

ती हसली… आणि देवानंदचा फायदा पहिल्यांदा हलला.

संध्याकाळी तो तिला स्टँडवर सोडायला गेला. छत्री एकच. अर्धी तिच्या लॅपटॉपवर, अर्धी तिच्यावर. स्वतः तो झडीत.

"चहा घेता का म्हटलं तं अच्छा. आता चालल्या तरी अच्छा. तुमचं हो कोनतं अन् निरोप कोनता?"

"ज्याले कयते, त्याले कयते," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

गुरुवारी त्याला चूक सापडली. दोन फंक्शनांना त्यानं एकच नाव दिलं होतं — 'वजन'. एक ट्रकसकटचं, एक निव्वळ. एका नावाची दोन दिसली की त्याचा कम्पायलर त्यांचा क्रम उलटा लावायचा, तिचा लिहिल्यासारखाच ठेवायचा. म्हणून हाक एकीला, ओ दुसरीची. दोन नावं वेगळी केली की तिचा फुकटाचा कम्पायलर पास… आणि देवानंद घरी. दोन दिवस त्यानं चूक तशीच ठेवली. शनिवारी खुशालरावांसमोर बोलला.

"चूक माह्या लिखाणाची हाये, शेठ. तिचा कम्पायलर बरोबर हाये."

नोकरी मिस्बाहला मिळाली. देवानंद काम शोधायला अमरावतीला निघाला. स्टँडवर ती हळूच म्हणाली, "मले मंगळवारीच कयलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"पाहून राहिली होती… तुमी सांगता का."

तो हसला, पण हसू फार टिकलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली. पायरीवरून तो म्हणाला, "रविवारी येत जावं म्हणतो… तुमाले भेटाले."

मिस्बाहच्या ओठांवर इतकं काही आलं, की बाहेर एकच शब्द पडला.

"अच्छा."

त्यानं मान हलवली. एसटी गेली.

रविवारी ती धर्मकाट्याजवळ छत्री घेऊन बसली. पुढच्या रविवारीही. तिनं हो दिलं होतं. त्याच्यापर्यंत पोचला मात्र निरोप.

खुशालरावांचं काहीच गेलं नाही. देवानंदनं आपल्या एका नावाची किंमत एकदाच मोजली, नोकरी देऊन. मिस्बाह तिच्या एका शब्दाची दर रविवारी मोजते.