चौथा फ्लास्क

तळघराचं दार मी खांद्याने ढकललं, कारण दोन्ही हातांत फुटलेला फ्लास्क होता. दार उलटून माझ्याच कोपरावर आपटलं.

"मेले...," मी पुटपुटले.

"मेली नाहीस, पण हात कापेल. ठेव ते खाली," आतून उत्तर आलं. मराठीत.

ज्योतीपुढे काळा चष्मा लावून तो बसला होता – विद्यापीठाचा काचकारागीर. प्रयोगशाळांची तुटलेली काच जोडणं हे त्याचं काम. मराठी त्याला आईने शिकवलेली, घराबाहेर ती वापरायची वेळच कधी आली नव्हती. त्यामुळे 'तुम्ही' हा प्रकार त्याच्या गावीही नव्हता.

"कधी मिळेल?"

"तीन दिवसांनी ये."

परदेशातल्या चार विद्यापीठांच्या रसायनशाळांत महिना-महिना काम करून मला भारतातल्या आमच्या सरांना टिपणं पाठवायची होती. पहिल्याबद्दल मी लिहिलं : कुंपणच नाही, मी अर्धा तास फाटक शोधत होते. दुसऱ्याबद्दल : ग्रंथालयात मुलं बूट काढून झोपतात आणि कोणी उठवत नाही. हे तिसरं. इथल्या टिपणात तळघराची खिडकी आली, काच तापल्यावर पिवळी होणारी ज्योत आली, फुंकर घालण्याआधी क्षणभर डोळे मिटणारा एक माणूस आला...

सरांनी कळवलं, "बाकीच्या इमारती बंद आहेत का?"

त्या महिन्यात माझ्याकडून आणखी तीन फ्लास्क फुटले.

शुक्रवारी मी चौथा आणायला गेले. सोमवारी शेवटच्या विद्यापीठात जायचं होतं, गाडीने दोन तास. आज बोलले नाही, तर हा माणूस फक्त टिपणात उरणार होता.

फ्लास्कच्या तुटलेल्या माना त्याने फळीवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

"पहिली खरी फुटलेली. कड बघ, वेडीवाकडी," तो म्हणाला. "या तिघींवर आधी कानशीने ओरखडा काढलाय. म्हणून सरळ तुटल्यात."

माझे कान तापले. काच अशीच तोडायची, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. निष्काळजीपणे तोडणं मला सुचलंच नव्हतं.

"टाकायला काढलेलेच होते ते," मी म्हणाले.

"आई म्हणाली, मुलगी हुशार आहे, पण लबाडी जमत नाही तिला."

"तुम्ही आईंना सांगितलंत?"

तो चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

"नवी मान जोडायला वीस मिनिटं," मी म्हणाले, "भट्टीत गार व्हायला एक रात्र. मी वाचलंय. मग दर वेळी तीन दिवस का लागायचे?"

"दुसऱ्या दिवशी तयारच असायचा..." तो ज्योतीकडे बघत म्हणाला. "पण लगेच दिला असता, तर मध्ये 'झाला का' विचारायला तू आली नसतीस."



"मी सोमवारी जातेय," मी म्हणाले. "जायचं तर आहेच मला. पण... तू तिथे नसशील."

'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"तिथली काचेची कार्यशाळा बंद झालीय," तो हळूच म्हणाला. "त्यांची फुटलेली काच घेऊन दर शनिवारी गाडी इथे येते. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असते."

"म्हणजे तोवर काहीतरी फोडायला हवं."

"काही फोडू नकोस."

त्याने चौथा फ्लास्क उचलून खिडकीच्या उजेडात धरला. जोड शोधूनही सापडत नव्हता.

"हा अजून तयार नाही," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी ये."