चौदाव्या भट्टीचं तेल

भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांदेखत, साखरखेर्ड्याच्या बेकरीत कामाला असलेल्या पूनमच्या पिशवीची तेलचोरीच्या संशयावरून झडती झाली. झडती सुचवली होती बेकरीची वही लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षक आल्हाद सरांनी. निघालं काय, तर जेवणाचा डबा आणि आईचं औषध. तेव्हापासून सरांना अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून त्यांनी मेहकरहून निवेदिताला आणलं. खाजगी तपास करणारी ही बाई एकेकाळी त्यांची विद्यार्थिनी. खरा चोर सापडला की आपली मान वर होईल, असा सरांचा हिशोब.

मालक हिंमतराव म्हणाले, "बिस्किटाच्या एका भट्टीले तेल, काकवी, दूध, तिन्ही एकेक लिटर. पंधरा लिटरच्या डब्यात पंधरा भट्ट्या निघत. महिना झाला, चौदावीलेच तेल कमी पडते. कोठीची चावी पूनमपाशी. मंग?"

"काकवीही कमी पडते?" निवेदिताने विचारलं.

"नाही बा. थे तं उरून राह्यली."

निवेदिता भट्टीवाल्या जीवनकडे वळली. "मोजतं कोण?"

"मीच. सरायचा तक्ता पाहून."

महिन्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक काटा आला, लिटरचं माप खुंटीला लागलं, आणि सरांनी वळणदार अक्षरात तक्ता करून दिला. तिन्हींपुढे एकच आकडा: १००० ग्रॅम.

"पण मॅडम," जीवन पुटपुटला, "गिऱ्हाईक म्हणते, बिस्किट तेलकट लागते अन् गोडीही कमी."

पूनमला बोलावलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "मले काम वापस नाही पाहिजे. पण माह्या नावाचा डाग पुसा. माह्या पोरीले शाळेत चोराची पोर म्हणून राह्यले."

सरांनी मान खाली घातली.

निवेदिताने खुंटीवरचं माप काढलं, काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. माप भरून दूध ओतलं: हजारावर थोडंसं. तेल भरलं: नऊशे दहा. काकवी: चौदाशे.

"तेल चोरीला गेलं असतं तर बिस्किट तेलकट का झालं असतं?" ती म्हणाली. "तेल हलकं. लिटरला नऊशे दहा ग्रॅम पुरतात, तुम्ही हजार घालता. दर भट्टीला जवळजवळ शंभर मिली जास्त जातं, म्हणून डबा चौदावीला संपतो. काकवी जड. तिचे चौदाशे हवेत, पडतात हजार. म्हणून ती उरते आणि गोडी उतरते. चोर कुणीच नाही."

सगळे तक्त्याकडे पाहू लागले. सरांना पाहवेना. तीस वर्षं त्यांनी घनता शिकवली होती, निवेदितालाही. आणि हा तक्ता? उभ्या उभ्या, दुधाच्या अंदाजाने, पाच मिनिटांत.

"पूनम, चूक माझी," ते कसेबसे म्हणाले.

"इथं नका सांगू, सर. माही पिशवी बाजाराच्या दिवशी उलटी केली. तवाच सांगा."

पुढच्या बाजाराला सर बेकरीच्या पायरीवर उभे राहिले. हातात तोच तक्ता. गर्दी जमली. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज पहिल्याच शब्दाला बसला.

गर्दीच्या मागे पूनम पोरीचा हात धरून उभी होती.

"मोठ्यानं, सर," ती म्हणाली. "मांगं ऐकू येत नाही."