दोनशे छप्पन्न ठिपके

लुसुंगू चिर्वाने बनवलेली चादर ब्लँटायर शहरातल्या एका प्रसूतिगृहात, काचेच्या उबदार पेटीत, सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका बाळाखाली अंथरून चार दिवस झाले होते. मऊ रबराच्या दोन थरांमध्ये कार्बन मुरवलेलं कापड आणि त्यात दाब मोजणारे दोनशे छप्पन्न ठिपके. श्वास थांबला की संगणक ओरडायचा.

पाचव्या सकाळी संगणकाच्या पडद्यावर बाळाच्या पाठीशेजारी आणखी एक ठसा उमटला. चार बोटं आणि तळव्याची कड.

खोटे ठसे लुसुंगूला नवे नव्हते. तीन ठिपके दाबले की कधीकधी चौथाही दाबल्यासारखा दिसतो, पण तो नेहमी त्या तिघांचा चौकोन पूर्ण करणाऱ्या कोपऱ्यावर. हा तसा नव्हता. तिने तारा तपासल्या, चादरही बदलली. अर्ध्या तासात ठसा परत आला.

"सिस्टर, पेटीत कोणी हात घातला होता?"

"माझे दोन हात तेरा बाळांना पुरेनात गं," सिस्टर न्यांगुलू म्हणाल्या. "तिसरा असता तर चहा नसते का प्यायले?"

मग त्यांनी पडदा पाहिला आणि पेटीचं झाकण नीट बंद आहे ना, ते चाचपलं.

दुपारी दोनला श्वासाची रेघ सपाट झाली. संगणक ओरडला. सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या, बाळाची आई मेलिफा हात धुवायला गेलेली. लुसुंगू दारातून धावत आली.

पडद्यावरचा ठसा हलला.

पायांकडे सरकला.

टाचेखालचे ठिपके उजळले. एकदा. दोनदा. पेटीत बाळाशिवाय काहीच नव्हतं. फक्त श्वास विसरलेल्या बाळाच्या तळपायाला सिस्टर मारतात तशी टिचकी बसावी, तसा त्याचा पाय उडत होता.

तिसऱ्यांदा.

बाळ रडलं.

मेलिफा ओल्या हातांनीच धावत आली आणि लुसुंगूपुढे गुडघ्यांवर बसली. "ताई, तुमच्यामुळे वाचलं हो माझं लेकरू!"

"उठा आधी. मी पोचलेच नव्हते."

"मग आभार कोणाचे मानू?"

लुसुंगूने पडद्यावरच्या ठशाकडे बोट दाखवलं. मेलिफाने पेटीकडे पाहून दोन्ही हात जोडले. "कोणी का असेना. झिकोमो. फार उपकार झाले."

दोन आठवड्यांनी बाळ घरी गेलं. लुसुंगू चादर न्यायला आली. पेटी रिकामी होती, संगणक चालूच. तिने चादरीवर तळहात टेकवला आणि हळूच म्हणाली, "झिकोमो."

पडद्यावर तिचा पंजा उमटला. मग त्याखालचे दाबाचे आकडे वाढले, उतरले, पुन्हा वाढले. वडीलधाऱ्याने थोपटावं तसे, सावकाश. तिने जोर दिला नव्हता. तिला काही जाणवलंही नव्हतं.

तिने हाताकडे पाहिलं. पंजाच्या पाठीवरची लव चार ठिकाणी, बोटं टेकावीत तशी, दबलेली होती.