मधले नाव

यंत्राने हरकत घेतली तेव्हा मिरजेच्या वंशानुमान केंद्रात सगळे पोट धरून हसले. पडद्यावर ओळ उमटली होती : 'गर्भाचे वडील : श्रेणिक चौगुले. गर्भाच्या आईचे वडील : श्रेणिक चौगुले. नोंद तपासावी.'

"बिचाऱ्याला स्वतःचाच सासरा करून टाकलं," केंद्रप्रमुख डॉ. वृंदा आगाशे म्हणाल्या. मग त्या हसायच्या थांबल्या. यंत्र विनोद करत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

यंत्राचे काम सोपे होते. मिरज आणि शेजारच्या दोन तालुक्यांत दहातल्या एका माणसाचेच प्रत्यक्ष जनुकवाचन झाले होते. उरलेल्या नऊ जणांच्या पेशींत काय दडले आहे, ते यंत्र वंशावळीवरून ताडत असे. बापात रक्ताच्या गुठळ्या करणारे जनुक, म्हणजे गुठळी-जनुक, सापडले की मुलामुलींत ते असण्याची शक्यता निम्मी, नातवंडांत पाव. ज्यांचा धोका मोठा, त्यांना गुठळीरोधक औषध सुरू होई. वंशावळीसाठी वेगळी शोधाशोध लागत नव्हती, कारण माणसाचे मधले नाव म्हणजे त्याचा बाप.

"मगदूम, आपला मूळ फॉर्म काढा बरं."

अण्णाप्पा मगदूम हे केंद्राचे संगणकतज्ज्ञ, शिरोळ तालुक्यातले. त्यांनी फॉर्म पडद्यावर आणला. दुसऱ्या रकान्यावर छापले होते : 'वडिलांचे/पतीचे नाव'.

"यंत्राला देताना रकान्याचं नाव काय दिलं होतं?"

मगदूमांनी पाहिले आणि कपाळाला हात लावला. "नुसतं 'वडिलांचे', मॅडम. तिरक्या रेघेच्या पुढचं घेतलंच न्हाई."

गेली सहा वर्षे यंत्र प्रत्येक विवाहित बाईला तिच्या नवऱ्याची मुलगी समजत होते. नवऱ्यात जनुक सापडले, की बायकोला औषध. यंदापासून गर्भाच्या नोंदी सुरू झाल्या म्हणून घोळ उघडा पडला, नाहीतर अजून सहा वर्षे कुणाला पत्ता लागला नसता. अशा बायका किती, ते मगदूमांनी लगेच काढले. चार हजार एकशे बारा.

गुठळीरोधक म्हणजे काही खडीसाखर नव्हे. गेल्या वर्षी हे औषध घेणारी एक बाई बाळंतपणात रक्तस्राव होऊन मरणाच्या दारातून परत आली होती. तिचेही मधले नाव नवऱ्याचेच होते. त्या बाईचा पांढराफटक चेहरा वृंदाबाईंना अजून आठवत होता, आणि आता त्या चेहऱ्यामागे आपली एक तिरकी रेघ होती हे कळल्यावर त्यांना जेवण जाईना.

दोन दिवसांत त्यांनी यंत्र सुधारले. विवाहित बाईचे मधले नाव म्हणजे नवरा, आणि जनुकांच्या हिशेबी नवरा म्हणजे परका माणूस. चार हजार एकशे बारा जणींना औषध बंद करण्याचे निरोप गेले. ज्या गरोदर होत्या त्यांना वृंदाबाईंनी स्वतः बोलावून घेतले. हे काम दुसऱ्यावर टाकणे त्यांना पटेना.

समडोळीची पद्मल श्रेणिक चौगुले आली ती सासूला घेऊन. पद्मलचा आठवा महिना सरत आला होता. सासू त्रिशलाबाई किरकोळ अंगाच्या, पण सुनेचा हात धरून अशा चालत होत्या की जणू सून काचेची आहे.

"तुमची रोजची सुई आजपासून बंद," वृंदाबाई म्हणाल्या.

पद्मल उडालीच. "आत्या, ऐकलं का? सुई बंद! पोटावर टोचून टोचून चाळण झालीया माझी."

सासूला आत्या म्हणायची रीत वृंदाबाईंना माहीत होती. त्यांच्या पुण्याच्या आजीसुद्धा आपल्या सासूला आत्याबाईच म्हणत. त्या शब्दापाशी थांबावे असे त्यांना काहीच वाटले नाही.

त्रिशलाबाई मात्र खूश दिसेनात. "बंद का म्हणून? श्रेणिकचा पाय सुजलावता तवा तुमीच म्हणालासा, गुठळीचा दोष घरात हाय."

"आहे ना. नीट सांगते. बोट कापलं की रक्त गोठतं, म्हणून आपण वाचतो. पण गोठणं वेळेवर थांबायलाही हवं. त्यासाठी रक्तात एक ब्रेक असतो. तुमच्या श्रेणिकच्या शरीरात तो ब्रेक सैल आहे. नको तिथं गुठळी होते. पायात झाली तर पाय सुजतो, हृदयाच्या धमनीत झाली तर हार्ट अटॅक, फुफ्फुसात जाऊन बसली तर श्वासच बंद. गरोदरपणात रक्त आधीच दाट असतं, म्हणून जास्त काळजी."

"आमच्या म्हायेरात दोघं असं गेली. बसल्या जागी."

"म्हणजे दोष तुमच्या माहेरचा. तुमच्याकडून तो मुलात आला. पण तो रक्ताच्या नात्यातच उतरतो, आजी. सुनेत कसा येईल?"

"पर ही तर..."

"आत्या, ऱ्हाऊ द्या की आता," पद्मलने त्यांना मध्येच तोडले. "डॉक्टर सांगत्यात न्हवं? मशिनीला तुमच्यापरास जास्त ठावं."

त्रिशलाबाईंनी पिशवी उचलली. वृंदाबाईंच्या खोलीबाहेर आणखी अकरा गरोदर बायका ताटकळत होत्या. खात्रीसाठी पद्मलचे प्रत्यक्ष जनुकवाचन करता आले असते, पण त्याची रांग दोन महिन्यांची, आणि यंत्राने धोका नाही म्हटल्यावर त्या रांगेत कुणी उभे राहत नसे. वृंदाबाईंनी कागदावर सही केली आणि पुढचे नाव पुकारायला सांगितले.

पुढे सोळा दिवस सगळे सुरळीत चालले. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून वृंदाबाईंच्या कौतुकाचे पत्रही आले. सतराव्या दिवशी दुपारी मगदूम त्यांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक गोष्ट जुळंना. चार वर्षांमागं पडताळणीसाठी आपण औषध चालू असलेल्यांचं थेट वाचन केलं होतं. लेकी, सुना, सगळ्यांचा आकडा एकत्र लिहिला होता. मी त्यातल्या पाचशे विवाहित बायका वेगळ्या काढल्या."

"बरं, मग?"

"त्या परक्या घरच्या असत्या तर शंभरात चौघींत जनुक निघायला पाहिजे होतं. गावात सरासरी तेवढीच हाय."

"आणि निघालं किती जणींत?"

"शंभरात अकरा."

वृंदाबाईंनी आकडे स्वतः मांडून पाहिले. बेरीज बरोबर होती. परक्या बायकांच्या अंगात नवऱ्याच्या घरचे जनुक जवळजवळ तिपटीने शिरते, असे शास्त्र काही सांगत नाही. "लग्नानं रक्त बदलत नाही, मगदूम. या बायका नवऱ्याच्या नात्यातल्या असल्याशिवाय हे होणार नाही."

मगदूम समोरची खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, माझी बायको मामाची पोरगी हाय."

"काय?"

"सख्ख्या मामाची. आमच्याकडं हे इतकं रोजचं हाय की मला तरी कुठं सुचलं? मामाच्या लेकीवर भाच्याचा पहिला हक्क, असंच समजत्यात. दर तिसऱ्या घरात अशी सून सापडतीच."

वृंदाबाईंच्या डोक्यात वंशावळ आपोआप आखली जाऊ लागली. मामाची मुलगी म्हणजे सासूच्या भावाची मुलगी. दोष सासूच्या माहेरचा. तो सासूत आहे, तर भावात असण्याची शक्यता निम्मी, भावाच्या मुलीत पाव. पाव म्हणजे शंभरात पंचवीस, औषध द्यायला पुरेसा धोका. यंत्र बाईला नवऱ्याची मुलगी समजत होते ही चूक होती, पण त्या चुकीत ती निदान त्याच्या रक्ताची तरी होती. ती चूक यातल्या कितीतरी जणींना सांभाळत होती. ती आपण दुरुस्त केली.

"पर ही तर," असे त्रिशलाबाई म्हणाल्या होत्या. पुढचे वाक्य आपण ऐकलेच नाही. वृंदाबाईंना स्वतःची चीड आली.

"सगळ्या जणींना आत्ताच्या आत्ता फोन लावा," त्या म्हणाल्या. "फक्त विचारायचं, सासूबाईंना काय म्हणता? आत्या म्हटलं, की औषध लगेच सुरू."

"तसं चालायचं न्हाई. सासूला आत्या सगळ्याच म्हणत्यात. नात्यातली पण आणि परकी पण. परक्या बाईला औषध दिलं तर पुन्हा रक्तस्राव."

हेही खरेच होते. कुठलेही यंत्र ज्याचे उत्तर देऊ शकणार नाही असा प्रश्न वृंदाबाई शोधत होत्या. मग त्यांनी कागद ओढला आणि एकच ओळ लिहिली : 'सासूबाईंना तुम्ही लग्नाच्या आधीपासून आत्या म्हणत होता का?'

मगदूमांनी ती वाचली आणि मान डोलावली. केंद्रातली सगळी माणसे फोनला बसली. समडोळीचा नंबर वृंदाबाईंनी स्वतः फिरवला. पद्मलला आता नववा महिना. तिला गाडी पाठवायची, इथेच ठेवून घ्यायची, सुई आपल्या हाताने टोचायची, असे सगळे त्यांनी ठरवूनही टाकले. रिंग वाजत राहिली. पाचव्या रिंगला कुणीतरी फोन उचलला. मागे बऱ्याच माणसांचा आवाज होता.

"मी मिरजेहून डॉक्टर आगाशे बोलतेय. पद्मलला देता का फोन?"

फोन हातोहात आत गेला. मग त्रिशलाबाईंचा आवाज आला, पार बसलेला. "काय काम हुतं?"

"आजी, एकच विचारायचं आहे, घाई आहे. पद्मल तुम्हाला लग्नाच्या आधीपासून आत्या म्हणते का?"

"म्हणायची की ओ," त्रिशलाबाई म्हणाल्या. "माझ्या भावाचीच लेक ती. बोलायला लागली तवापासनं आत्याच म्हणायची. काल सकाळी चूल पेटवता पेटवता म्हणाली, आत्या, मला दम लागलाय. दवाखान्यात न्हेईस्तोवर संपलं. दोघंबी गेली, डॉक्टर."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. समोरच्या यादीत अजून चार हजार एकशे अकरा नावे होती, प्रत्येकीच्या मधोमध एकेका पुरुषाचे नाव. वृंदाबाईंनी डोळे पुसले, पद्मलच्या नावापुढे काहीच लिहिले नाही, आणि पुढचा नंबर फिरवला.